व्हायबर्नमची पानं दर जूनमध्ये जाळीदार होतात? कात्री थंडीत चालवायची

तक्रार साधारण अशी असते. घराच्या दर्शनी भिंतीला लागून व्हायबर्नम या फुलझुडपाची पाच-सहा फुटी रांग आहे, बहुतेक वेळा आधीच्या मालकाने लावलेली. मे महिन्यात पालवी छान फुटते, पांढऱ्या फुलांचे चपटे घोस दिसायला लागतात आणि त्याच सुमारास पानांना बारीक भोकं पडतात. जून अर्धा सरेपर्यंत पानांच्या नुसत्या शिरा उरतात. मग घरातलं कुणीतरी दुकानातून फवारा आणतं, दोनदा मारतं, आठवड्याभरात अळ्या दिसेनाशा होतात आणि औषध लागू पडलं असं सगळे म्हणतात. जुलैत नवी पानं येतात. ऑगस्टमध्ये त्यांनाही भोकं. पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

जूनच्या मध्यावर मारलेलं औषध लागू पडलेलं नसतं. अळ्यांचं खाऊन झालेलं असतं आणि त्या आपणहून मातीत उतरलेल्या असतात. हा घोटाळा समजला की पुढचं सगळं सोपं आहे, कष्टाचं असलं तरी.

मी न्यू यॉर्क राज्यात, सिराक्यूजच्या बाजूला राहते, त्यामुळे तारखा इथल्या हवामानाच्या आहेत. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण भागात सगळं आठ-पंधरा दिवस आधी होतं असं धरून चाला.

आधी दोषी नक्की व्हायबर्नम लीफ बीटल नावाचा भुंगेराच आहे ना, ते पाहू. व्हायबर्नमच्या पानांचं वाटोळं करणारे बरेच आहेत. वसंतात नवी पानं आतल्या बाजूला वळून चुरगळली असतील आणि उलगडल्यावर आत राखाडी मावा दिसत असेल, तर त्याकडे काणाडोळा केला तरी चालेल. हा मावा उन्हाळ्यात झुडूप सोडून दुसऱ्या झाडांवर जातो, पानं वेडीवाकडी राहतात पण झुडपाचं फारसं बिघडत नाही. पानांच्या कडा ऑगस्टमध्ये तपकिरी होत असतील तर पाणी कमी पडतंय, कारण मुळं फार खोल जात नाहीत. शेंडेच्या शेंडे गायब आणि फांदीचं टोक चिंध्या झाल्यासारखं फाटलेलं असेल तर हरणं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते फांदी कापत नाही, ओरबाडतं. जपानी भुंगेरेही पानांची जाळी करतात, पण ते हिरव्या-तांबूस चकाकीचे असतात, दिवसाढवळ्या पानावर बसलेले दिसतात आणि जूनच्या अखेरीआधी सहसा येत नाहीत.

मे अखेरीला पानांच्या खालच्या बाजूला पिवळट-हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या, अर्ध्या इंचाहून लहान, आणि पानांची फक्त शिरांची जाळी उरलेली. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये पानाच्या मध्येमध्ये लांबट-गोल भोकं आणि पाव इंचाहूनही छोटा, मातकट तपकिरी भुंगेरा, जो फांदी हलवली की टपकन खाली पडतो. हे सगळं जुळलं तर तो व्हायबर्नम लीफ बीटल. शास्त्रीय नाव पायराल्टा व्हायबर्नी. त्याला व्हायबर्नमशिवाय दुसरं काही चालत नाही, त्यामुळे शेजारच्या गुलाबाची किंवा टोमॅटोची काळजी नको.

हा मूळचा युरोप आणि आशियाच्या काही भागांतला. उत्तर अमेरिकेत त्याची पहिली नोंद १९४७ साली कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये झाली, पण पाय रोवून बसलेली वस्ती सापडली ती १९७८ मध्ये, ओटावाच्या परिसरात. १९९४ मध्ये तो मेनमध्ये पोहोचला, १९९६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये. इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठाने या किड्यावर बरंच काम केलंय आणि खाली सांगितलेली छाटणी ही त्यांचीही पहिली शिफारस आहे.

वर्षाला त्याची एकच पिढी होते. पानं उलगडायला लागतात त्याच सुमारास, म्हणजे इथे मेच्या सुरुवातीला, फांद्यांमधली अंडी फुटतात. अळ्या चार-पाच आठवडे खातात, जूनमध्ये खोडावरून उतरून मातीत शिरतात आणि तिथे कोष करतात. जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भुंगेरे बाहेर येतात, तेही खातात, आणि पहिलं कडक दंव पडेपर्यंत मादी अंडी घालत राहते. एक मादी पाचशेपर्यंत अंडी घालू शकते. म्हणजे झुडपाने जूनमध्ये पानं गमावली, साठवलेली ताकद खर्चून जुलैत नवी काढली, की ती दुसऱ्या फेरीत जातात. पुढच्या वसंतातल्या कळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तयार होतात, त्यामुळे “माझ्या व्हायबर्नमला फुलंच कमी येतात” ही वेगळी वाटणारी तक्रार पुष्कळदा हीच असते. दोन-तीन वर्षं ओळीने पानं गेली तर भलं मोठं झुडूपही मरतं.

आता यात आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की जुलै ते ऑक्टोबर भुंगेरे उडते असतात, मे-जूनमध्ये अळ्या हजारो पानांवर पसरलेल्या असतात, पण नोव्हेंबर ते एप्रिल सगळीच्या सगळी पुढची पिढी फांद्यांमध्ये एका जागी बसून असते. हलत नाही, उडत नाही. आणि पानं गळल्यामुळे आपल्यालाही दिसते.

पानगळ पूर्ण झाली की सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन झुडपापाशी बसा. उभं राहून दिसत नाही, कारण मादी फांदीच्या खालच्या बाजूला अंडी घालते. या वर्षी वाढलेली कोवळी फांदी, पेन्सिलीपेक्षा बारीक, हळूच वाकवून खालून बघा. काळपट तपकिरी फुगीर ठिपके एका सरळ रेषेत, शिलाई मशीनच्या टिपेसारखे, ओळीने दिसतील. मादी फांदीत खड्डा कुरतडते, आत पाच-आठ अंडी ठेवते आणि चावलेला भुसा व विष्ठा कालवून वर झाकण बसवते. नखाने झाकण उचकटलं तर आत पिवळी अंडी दिसतात. एकदा स्वतः उचकटून बघा, मग पुढे शंका येत नाही. फांदीच्या सालीवर नैसर्गिक पुटकुळ्याही असतात, पण त्या विखुरलेल्या असतात आणि नखाने सुटत नाहीत. दोन वर्षांच्या जुन्या फांदीवर करड्या, पोकळ खड्ड्यांची रांग दिसली तर ती गेल्या वर्षीची, रिकामी. ती कापायची गरज नाही.

सुरुवातीला वाटतं, एवढ्या फांद्या कोण बघत बसणार. पण अंडी सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. व्हायबर्नमची फांदी अंडी घातल्यावर जखम भरायचा प्रयत्न करते, खड्ड्यात नवी पेशी वाढवून अंडी चिरडते किंवा झाकण बाहेर ढकलते. काही जातींना हे चांगलं जमतं, अॅरोवुड नावाच्या इथल्या देशी जातीला फारसं जमत नाही. आणि मादी ज्या फांदीवर आधीच अंडी आहेत तिथेच आणखी घालायला जाते. बऱ्याच जणींनी मिळून एकच फांदी पोखरली की ती दुबळी होते, शेंडा वाळतो आणि तिच्याकडून प्रतिकार होत नाही. किड्याला हे सोयीचं आहे, पण आपल्यालाही आहे. एका फांदीवर अंड्यांच्या लांबच लांब ओळी असतात आणि शेजारच्या चार फांद्या स्वच्छ असतात. शेंडा वाळलेल्या बारीक फांद्यांपासून शोध सुरू केला तर अर्धं काम तिथेच होतं.

अंड्यांची ओळ जिथे संपते त्याच्या खाली, पुढच्या निरोगी डोळ्याच्या किंचित वर कापा. संपूर्ण झुडपावरून कात्री फिरवून त्याचा गोळा करू नका. व्हायबर्नमच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांद्यांच्या टोकाला तयार झालेल्या असतात, त्यामुळे थंडीत कापलेल्या प्रत्येक शेंड्याबरोबर एखादा घोस जातोच. इतर कुठल्याही व्हायबर्नमची छाटणी फुलं सरल्या सरल्या करा असं सांगतात ते याचसाठी, आणि ते बरोबर आहे. इथे मात्र हा नियम मोडावा लागतो. पहिल्या वर्षी फुलं जरा कमी येतील. अंडी असलेला शेंडा ठेवून मिळणार काय, तर मेमध्ये एक घोस आणि जूनमध्ये त्याखालची सगळी पानं फस्त. फक्त अंड्यांच्या फांद्या कापल्या तर बाकीच्यांवर फुलं राहतातच.

हे काम नोव्हेंबरमध्ये एकदा आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा करावं. इथे मधले महिने बर्फातच जातात. एप्रिलची फेरी टाळू नका. पहिल्या फेरीत कितीही डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी काही फांद्या सुटतातच, आणि वसंतातल्या तिरप्या उन्हात त्या चांगल्या दिसतात.

कापलेल्या फांद्यांचं काय करायचं, यात बरेच जण चुकतात. त्या झुडपाखाली किंवा कुंपणाशी ढीग करून ठेवल्या तर मेमध्ये अळ्या बाहेर पडतात आणि चालत वर चढतात. म्हणून आधी खाली जुनं बेडशीट किंवा ताडपत्री अंथरा, मग कापा. फांद्या बारीक करून खोल पुरा, किंवा गावाच्या कचरा गाडीला एप्रिल संपायच्या आत द्या. जाळणार असाल तर लक्षात ठेवा, न्यू यॉर्क राज्यात १६ मार्च ते १४ मे उघड्यावर काड्याकुड्या जाळायला बंदी असते, आणि मोठ्या गावांमधून तर एरवीही नसते परवानगी.

ज्यांच्याकडे बागेचं काम कंत्राटावर आहे त्यांनी हे त्या लोकांना स्पष्ट सांगावं. ते ऑगस्टमध्ये मशीन फिरवून झुडपं गोल करतात. त्यात पुढच्या वर्षीच्या कळ्या जातात, आणि त्यानंतर फुटणाऱ्या कोवळ्या फांद्या मादीला अंडी घालायला मिळतात.

थंडीची छाटणी नीट झाली तर मेमध्ये फार कमी काम उरतं. पानं उलगडताना आठवड्यातून एक-दोनदा खालची बाजू बघायची. नुकत्या फुटलेल्या अळ्या जेमतेम एक मिलिमीटरच्या असतात आणि सुटलेल्या अंड्यांच्या फांदीजवळच्याच पानांवर गर्दी करून असतात. म्हणजे भोकं दिसली की कुठली फांदी सुटली ते कळतं. ती तेव्हाही कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकता येते.

त्यापुढेही अळ्या असतील तर बागकामाचा कीटकनाशक साबण, लेबलावरच्या प्रमाणात, पानांच्या खालच्या बाजूला. साबण ज्या अळीला लागतो तीच मरते, वरून शिंतोडे उडवून उपयोग नाही, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा मारावा लागतो. भांडी घासायचा साबण नको, तो पानांवरचा मेणाचा थर काढतो आणि उन्हात पानं करपतात. स्पिनोसॅड हे कीटकनाशक साबणापेक्षा जास्त टिकतं, पण ओलं असताना मधमाश्यांना घातक असतं, तेव्हा कळ्या उमलायच्या आधी आणि संध्याकाळीच. सुप्तावस्थेत, अंडी फुटायच्या आधी, बागेचं तेल फांद्यांवर मारलं तर सुटलेली काही अंडी मरतात. छाटणीला जोड म्हणून ठीक, छाटणीऐवजी नाही.

आता आपल्याकडचे उपाय. निंबोळी तेल मी मुळीच उडवून लावत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, अळ्या अगदी लहान असताना, त्याचा थोडाफार परिणाम होतो. पण इंडियन ग्रोसरीतून आणलेली तेलाची बाटली पाण्यात तशीच मिसळत नाही, तेल तरंगतं, एका फांदीवर सगळं आणि दुसरीवर नुसतं पाणी. बागेसाठी बनवलेलं, पाण्यात मिसळणारं घ्या. जूनमध्ये मोठ्या झालेल्या अळ्यांवर ते मारून फक्त वास येतो. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात इथे येतात तेव्हा राख फेकायला सांगतात. वांग्या-भेंडीवर त्यांनी आयुष्यभर फेकलीय आणि त्यांचा अनुभव खोटा नाही, पण इथल्या अळ्या पानाखाली असतात आणि राख पानावर पडते. सासूबाईंना हे पटायला एक पान उलटून दाखवावं लागलं, मग त्याच चष्मा लावून अळ्या चिरडत बसल्या आणि तो उपाय राखेपेक्षा कितीतरी चांगला निघाला.

मुळाशी ओतायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक जुन्या सल्ल्यांमध्ये सर्रास सापडेल. परिणाम होतो, यात वाद नाही. पण ते मुळांतून पानांत जातं तसं परागात आणि मधातही जातं, आणि व्हायबर्नमच्या फुलांवर मधमाश्यांची झुंबड असते. न्यू यॉर्कमध्ये २०२३ मध्ये ते परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरतं मर्यादित झालं, नंतर नियम आणखी कडक झाले, आणि न्यू जर्सीतही घरगुती बागेत बाहेर वापरायला कायद्याने मनाई आहे. गॅरेजमध्ये जुनी बाटली पडली असेल तर गावाच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी देऊन टाका.

काही जण खोडाला चिकट पट्टी लावतात, उतरणाऱ्या अळ्या अडकाव्यात म्हणून. एका खोडाचं झाड असतं तर कल्पना ठीक होती. अॅरोवुडला जमिनीतून वीस-तीस काठ्या निघतात.

झुडूप फारच गेलं असेल, म्हणजे दहापैकी आठ फांद्यांवर अंडी असतील, तर एकेक फांदी वेचत बसू नका. मार्च-एप्रिलमध्ये सगळं जमिनीपासून फूटभरावर छाटा आणि कापलेलं सगळं घराबाहेर घालवा. मुळं जिवंत असतील तर अॅरोवुड पुन्हा जोरात फुटतं. दोन वर्षं फुलं मिळणार नाहीत. त्या उन्हाळ्यात कोरड पडली तर पाणी द्या, आळ्यात दोन-तीन इंच लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन घाला, खोडापासून जरा लांब. मात्र सलग तीन वर्षं पानं खाल्ली गेलेल्या झुडपावर हा प्रयोग करताना फार आशा ठेवू नका. त्याच्याकडे फुटायला ताकदच उरलेली नसते.

शेजाऱ्यांशीही बोला. भुंगेरे उडतात, आणि शेजारच्या आवारात उपेक्षित रांग असेल तर तुमच्या छाटणीचं निम्मं फळ तिकडे जातं. आमच्या गल्लीत एका घराने नोव्हेंबरात सुरुवात केली आणि आता तिघी-चौघी एकत्र बसून एकमेकींच्या फांद्या तपासतो, चहा होतो.

झुडूप ठेवायचं की काढायचं, हा निर्णय जातीवर आहे. अॅरोवुड म्हणजे व्हायबर्नम डेंटाटम, आणि क्रॅनबेरीबुश, युरोपियन असो की अमेरिकन, हे या किड्याचे सगळ्यात आवडते. मोठ्या पांढऱ्या चेंडूंचं स्नोबॉल, ऑप्युलस ‘रोझियम’, तेही याच कुळातलं. मेपलच्या पानांचं अॅसेरिफोलियम आणि नॅनीबेरी यांनाही बऱ्यापैकी त्रास होतो. याउलट कोरियन स्पाइस, जड्ड, डबलफाइल आणि सुरकुत्या पानांचं लेदरलीफ यांच्याकडे भुंगेरा सहसा फिरकत नाही.

माझं मत असं: अंगणात दोन-तीन अॅरोवुड असतील तर ठेवा आणि छाटा. ते इथलं देशी झुडूप आहे, त्याची निळी-काळी फळं पक्षी चाटूनपुसून खातात, आणि तीन झुडपांची थंडीतली तपासणी एका दुपारचं काम आहे. तीस फुटांचं कुंपण असेल आणि गुडघे दुखत असतील तर मन घट्ट करून काढा. नवीन लावताना कोरियन स्पाइस पहिल्यांदा बघा. पाच फुटांच्या आसपास राहतं, आमच्याकडची थंडी सोसतं, आणि वसंतात गुलाबी कळ्यांतून पांढरी फुलं उमलली की दार उघडताच वास येतो. डबलफाइलला जागा लागते, आडव्या फांद्या आठ-दहा फूट पसरतात. शिवाय अमेरिकेच्या पूर्वेकडे काही ठिकाणी ते रानात पसरू लागलंय, तेव्हा लावण्याआधी तुमच्या राज्याची यादी बघा. थंडीत निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलणारं बॉडनंटेन्स हेही किड्याला फारसं आवडत नाही. वेल्समधल्या बॉडनंट बागेत १९३० च्या दशकात ते तयार झालं आणि त्याच्या पालकांपैकी एक, ग्रँडिफ्लोरम, आपल्या हिमालयातलं आहे. पण सिराक्यूजच्या थंडीत त्याच्या कळ्या गोठतात. न्यू जर्सीकरांनी खुशाल लावावं.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी थोडा फरक. तिकडे हा किडा मूळचाच, पण गेल्डर रोझ (म्हणजे युरोपियन क्रॅनबेरीबुशच) आणि सदाहरित व्हायबर्नम टायनस यांचे हाल तसेच होतात. टायनसची पानं गळत नसल्याने भोकं वर्षभर दिसत राहतात आणि अंड्यांच्या ओळी शोधायला पानं बाजूला करावी लागतात. तिथे अळ्या एप्रिलमध्येच निघतात, म्हणून छाटणी मार्चच्या आत संपवा.

कोरियन स्पाइस लावूनही तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यावर जाळीदार पानं दिसली तर रोपवाटिकेवर चिडण्याआधी झुडपाच्या बुडाशी बघा. हे झुडूप पुष्कळदा वेफेअरिंग ट्री नावाच्या दुसऱ्या व्हायबर्नमच्या खुंटावर कलम केलेलं असतं आणि त्या खुंटाला हा किडा चांगलाच लागतो. कलमाच्या जोडाखालून निघालेले फुटवे जोमदार असतात, पानं मोठी आणि जाड असतात, आणि भोकं असतात ती बहुतेक त्याच पानांना. असा फुटवा वरून कापला तर त्याच्या जागी चार येतात. माती बाजूला करून तो मुळापाशी जिथून निघालाय तिथून खाली ओढून फाडून काढा, कोवळा असताना, आणि माती परत सारखी करा.